डिझेल इंजिन गेलं, धूर कुठे गेला?



'वाहतुकीची साधने' किंवा 'प्रदूषण : एक समस्या' या विषयावर निबंध लिहायला दिला की एक वाक्य हमखास येतं : "विजेवर चालणारी रेल्वे प्रदूषणमुक्त असते." वाक्य सोपं आहे, लगेच पाठ होतं, गुणही मिळतात. पण माझ्या मते ते अर्धंच खरं आहे आणि मुलांकडून ते तसंच लिहून घेऊ नये. का, ते आपल्या कोकण रेल्वेच्या उदाहरणावरून पाहू.

रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण सुरू झाला. मार्गावर तब्बल ९१ बोगदे. पुढची वीसहून अधिक वर्षं कोकणकन्या असो, मांडवी असो, नाहीतर प्रत्येक स्टेशनला थांबणारी पॅसेंजर असो, सगळ्या गाड्या डिझेल इंजिनानेच ओढल्या. ही इंजिनं कल्याण, एर्नाकुलम अशा वेगवेगळ्या शेडमधून यायची. शेडचं नाव इंजिनावरच लिहिलेलं असायचं.

इंजिनावरची अक्षरंही मुलांना वाचायला शिकवावीत. 'डब्ल्यूडीपी-४' म्हणजे काय? डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, पी म्हणजे पॅसेंजर आणि ४ म्हणजे साधारण चार हजार अश्वशक्ती. 'डब्ल्यूडीएम' मधला एम म्हणजे मिश्र, म्हणजे प्रवासी आणि मालगाडी दोन्ही ओढणारं. भारतात सर्वांत जास्त ओळखीचं झालेलं डब्ल्यूडीएम-२ हे २,६०० अश्वशक्तीचं इंजिन १९६२ मध्ये अमेरिकेतून आलं आणि १९६४ पासून वाराणसीला बनू लागलं.

आता गंमत ऐका. या इंजिनाची चाकं डिझेल थेट फिरवत नाही! डिझेल जाळून आतलं मोठं यंत्र फिरतं, ते वीज तयार करतं आणि त्या विजेवर चाकांजवळच्या मोटारी चालतात. म्हणजे डिझेल इंजिन हे रुळावरून पळणारं छोटं वीजकेंद्रच. वीज आधीपासूनच होती. फरक एवढाच, की ती जिथे वापरायची तिथेच तयार व्हायची आणि धूरही तिथेच निघायचा. त्यामुळे तो सगळ्यांना दिसायचा. रत्नागिरीजवळच्या करबुडे इथल्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात तर तो कोंडायचा. लांब बोगद्यांतला धूर बाहेर काढायला मोठे पंखे बसवावे लागले.

मार्च २०२२ मध्ये विद्युतीकरण पूर्ण झालं. खर्च १,२८७ कोटी रुपये. २० जून २०२२ रोजी त्याचं लोकार्पण झालं. बोगदे मोकळे झाले, आयात इंधन वाचलं. चांगलंच झालं. पण वरच्या तारेत वीज येते कुठून? आपल्या देशातली जवळपास तीन-चतुर्थांश वीज कोळसा जाळून तयार होते. चंद्रपूरचं २,९२० मेगावॅटचं केंद्र कोळशावर चालतं. रत्नागिरी जिल्ह्यातच जयगडला १,२०० मेगावॅटचं केंद्र आहे, तेही कोळशावर. सगळ्या केंद्रांची वीज एकाच जाळ्यात मिसळते. म्हणजे बोगद्यातला धूर गेला, पण तो सगळा नाहीसा झाला नाही. काही धुराने फक्त गाव बदललं. कोकणातल्या मुलाने 'प्रदूषणमुक्त' लिहायचं आणि चंद्रपूरच्या मुलाने राख झटकायची, हे बरोबर आहे का?

मग डिझेलच बरं होतं का? अजिबात नाही. विजेचं इंजिन ब्रेक लावताना वीज तयार करून तारेत परत पाठवू शकतं. डिझेल इंजिनाची तशी वीज उष्णता होऊन वाया जाते. शेकडो इंजिनांच्या धुरापेक्षा एका चिमणीवर लक्ष ठेवणं सोपं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, तारेत आज कोळशाची वीज आहे, उद्या जास्त सूर्याची, वाऱ्याची येऊ शकते. इंजिन तेच राहील. डिझेल इंजिनाला मात्र डिझेलच लागतं. तरीही तारेचा पुरवठा बंद पडला की अडकलेली गाडी ओढायला डिझेल इंजिनच कामी येतं. म्हणून त्याला निबंधात एकदम खलनायक करू नका.

काही शिक्षक म्हणतील, "चौथी-पाचवीच्या मुलांना एवढं कशाला?" मला वाटतं, पावसाळ्यात गावची लाईट गेली की 'वीज कुठून येते?' हा प्रश्न मुलं स्वतःच विचारतात. आपण तो फक्त रेल्वेपर्यंत न्यायचा. फळ्यावर दोन चित्रं काढा. एकात डिझेलची गाडी, दुसऱ्यात विजेची. आणि विचारा, "दोन्ही चित्रांत धूर कुठे दाखवाल?" दुसऱ्या चित्रात जो मुलगा किंवा मुलगी गाडीपासून लांब एक चिमणी काढेल, त्याला धडा समजला.

विद्यार्थी मित्रांनो, निबंधात असं लिहा : "विजेवरची रेल्वे डिझेलच्या रेल्वेपेक्षा कमी प्रदूषण करते. वीज जितकी स्वच्छ, तितकी रेल्वे स्वच्छ." आणि शिक्षकांनो, 'प्रदूषणमुक्त' ऐवजी 'कमी प्रदूषण' लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण गुण द्या.