टांकसाळीची चूक आणि नंतरचा घाव

#धागा

‘चुकून छापलेले एक रुपयाचे नाणे, किंमत पाच लाख.’ अशा जाहिराती मोबाइलवरून शहापूर-मुरबाडच्या पाड्यांपर्यंत पोहोचल्या आहेत. नाणे विकणाऱ्याकडूनच आधी ‘शुल्क’ आणि ‘कर’ म्हणून पैसे उकळायचे, ही त्यांची रीत. आपले नाव वापरून हा उद्योग चालतो, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. तरीही प्रश्न उरतोच : टांकसाळीची खरी चूक ओळखायची कशी?

कसोटी एकच आहे. नाणे दोन ठशांमध्ये दाबले जाते त्या क्षणी, किंवा त्याआधी चकती तयार होताना जे बिघडले, ती चूक. नाणे टांकसाळीबाहेर पडल्यानंतर जे घडले, तो घाव. आणि तो मुद्दाम केलेला असेल, तर लबाडी. म्हणून ‘हे विचित्र दिसते का?’ हा प्रश्न निरुपयोगी ठरतो. ‘हे दोन ठशांमध्ये घडू शकले असते का?’ असे विचारावे.

कड चंद्रकोरीसारखी कापलेले नाणे घ्या. धातूच्या पट्टीतून चकत्या कापताना आधीच्या छिद्रावर यंत्र पुन्हा पडले, तर चकतीच अपुरी निघते. अशा चकतीवर ठसा बसतो तेव्हा कापाच्या बरोबर समोरची कड बहुधा पुसट राहते, कारण तिथे धातूला पुरता दाब मिळत नाही. कापाजवळची अक्षरेही हळूहळू विरत जातात. कात्रीने किंवा कानशीने कापलेल्या नाण्यावर समोरची कड ठसठशीत असते आणि अक्षरे मध्येच तुटतात. लबाडी करणारा कापाकडे लक्ष देतो. समोरच्या कडेचा त्याला विसर पडतो.

उलटी, खोलगट छाप ही आणखी मोहात पाडणारी गोष्ट. छापलेले नाणे ठशालाच चिकटून राहिले आणि खाली नवी चकती आली, तर तिच्या एका बाजूवर आरशातल्यासारखी छाप उमटते. दुसरी बाजू नेहमीसारखी असते. व्हाइसमध्ये दोन नाणी एकमेकांवर दाबूनही उलटी अक्षरे उमटवता येतात, पण त्यांच्याखाली मूळ चित्र चेपलेल्या अवस्थेत शिल्लक राहते. दोन्ही बाजूंना एकच चित्र असलेले नाणे तर बहुधा जादूगाराच्या सामानातले : एक पोखरून त्यात दुसरे बसवलेले. भिंगाखाली कडेच्या आतला सांधा दिसतो.

तराजू भिंगाइतकाच उपयोगी. १९९२ ते २०१० दरम्यानचा पोलादी रुपया ४.८५ ग्रॅमचा होता. आम्लात झिजवलेला रुपया ‘पातळ चकतीची चूक’ म्हणून समोर आला, की चित्रासह कडही वितळल्यासारखी दिसते. आणि आसनगाव-खर्डीच्या रुळांवर पोरांनी ठेवलेले नाणे? ते पसरते, कड हरवून बसते. त्याला चूक म्हणणे म्हणजे रेल्वेला टांकसाळ म्हणणे.

मात्र हीच फूटपट्टी जुन्या नाण्यांना लावली, की अन्याय होतो. शिवराईचा ठसा पुष्कळदा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा असे; त्यामुळे ‘श्री राजा शिव’ पूर्ण उमटलेले नाणे विरळाच. वेलांट्यांचे आणि अक्षरांचे फरकही मुबलक. हातोडीने पाडलेल्या नाण्यात एकसारखेपणाचे वचनच नव्हते, मग चूक कसली? ‘अक्षर चुकलेली दुर्मीळ शिवराई’ हे बहुतेक वेळा विक्रेत्याचे साहित्य असते.

मुरबाडकडून नाणेघाट चढला की जुन्नरचा प्राचीन व्यापारी मार्ग लागतो. त्या मार्गासाठी क्षत्रप आणि सातवाहन झुंजले, आणि त्या झुंजीची खूण नाण्यांवर राहिली. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला सापडलेल्या साठ्यात नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे ठोकली होती. एका नाण्यावर दोन छापा. अजाण डोळ्याला ती टांकसाळीची गफलत वाटेल. प्रत्यक्षात ती विजयाची घोषणा आहे. नंतरचा घाव इथे नाण्यापेक्षा मोलाचा ठरला.

म्हणूनच घरातल्या राणीछाप रुपयाबाबत घाई नको. ११.६६ ग्रॅमच्या त्या चांदीवर दिसणारे बारीक ठोके अनेकदा सराफांनी पारख करताना मारलेले असतात. कडेला कडी झाळलेली असेल, तर तो कुणाच्या तरी गळ्यातल्या माळेत होता. चूक म्हणून त्याला किंमत नाही, हे खरे. पण कडी कानशीने घासून, चिंचेने चकचकीत करून बाजारात नेला, तर संग्राहक तो बाजूला सारतो आणि सराफ फक्त वजनाचा भाव देतो. माळेची खूणही घासलेल्या चुऱ्याबरोबर जाते.

जमिनीत सापडलेल्या नाण्यांची गोष्ट त्याहून गंभीर. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. ओळख लपावी म्हणून त्यात फेरफार केला, तर सापडणारा आपला वाटा गमावतो आणि शिक्षेसही पात्र होतो.