रहस्य कळल्यानंतरही!

रहस्यपट एकदा पाहिला की संपला, असे पुष्कळजण म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. राजा परांजपे यांचा १९६४ सालचा 'पाठलाग' घ्या. पत्नी वारली असे मानणाऱ्या वकिलापुढे, तिच्याच चेहऱ्याची एक स्त्री आरोपी म्हणून उभी राहते आणि आपणच त्याची पत्नी असल्याचे सांगते. प्रथम पाहताना आपण विचारतो, ही कोण? दुसऱ्यांदा उत्तर ठाऊक असते. तेव्हा लक्ष त्या नवऱ्याकडे जाते. पुराव्यावर विश्वास ठेवावा, की समोरच्या माणसाच्या शब्दावर? शेवट कळला म्हणून हा प्रश्न सुटत नाही. याच कथेवर राज खोसला यांनी १९६६ साली काढलेला 'मेरा साया'ही लोकांनी उचलून धरला. नुसते कोडे असते, तर ते एकदाच चालले असते!