एंजिनाचा जोर कोठें असावा?

यंत्राच्या दुरुस्तीचा विषय कारकुनी करून निवृत्त झालेल्या मजसारख्या माणसानें हातीं घ्यावा, हें कांहीं वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु तीस वर्षें महसूल खात्याचें दप्तर सांभाळून एक गोष्ट मजला पक्की कळली आहे. ती ही कीं, माणसाचें नुकसान पुष्कळदां रकमेच्या चुकीनें होत नाहीं, वेळेच्या चुकीनें होतें. पीक घरांत येण्यापूर्वीं हप्ता मागितला तर सारा तोच असूनहि शेतकऱ्यास सावकाराची पायरी चढावी लागे. म्हणूनच खरीपाच्या गांवांस निराळी व रब्बीच्या गांवांस निराळी मुदत ठरविण्याची वहिवाट पडली. एंजिनांतील झडपांच्या उघडझांकीचेंहि असेंच आहे. ही मुदत आमच्या भागांत कोणी कोणी पुरता विचार न करतां बदलूं लागले आहेत. त्यांत आमच्या घरचा ट्रॅक्टरहि सांपडला, म्हणून हा लेख लिहिण्याचें धाडस करितों.

गतवर्षीं भाद्रपदांत आमच्या तीन सिलिंडरांच्या ट्रॅक्टराचें एंजिन दुरुस्तीसाठीं उघडलें. ट्रॅक्टर पुतण्याच्या हातीं असतो. ऊंसाच्या हंगामांत तो ट्रॉल्या भरून कारखान्यावर नेतो. मिस्त्रीनें त्यास सांगितलें कीं, कॅमशाफ्टचें चक्र एक दांता मागें बसविलें तर ट्रॅक्टर सडकेवर चांगला पळेल. शर्यतीच्या मोटारसायकलींत असेंच करितात. पुतण्यास तें पटलें. मजला कोणी विचारलें नाहीं. जोडणी झाल्यावर तो रिकामा ट्रॅक्टर सडकेनें पिटाळीत दारांत आला आणि म्हणाला, "अण्णा, आतां पाहा कसा पळतो तो!" मींहि संतोष मानला.

पुढें मुगाचें रान मोकळें झालें. हस्ताचा पाऊस होऊन जमिनीस वाफसा आला, तेव्हां रोटाव्हेटर फिरवून ज्वारी पेरावी असें ठरलें. सकाळच्या गारव्यांत एंजिन सुरूच होईना. झालें तेव्हां पांढऱ्या धुराचा लोट निघाला. अवजार जमिनींत उतरविलें कीं आवाज बसे, काळा धूर येई आणि दहा पावलांत यंत्र बंद पडे. हाच ट्रॅक्टर त्याच रानांत त्याच अवजारासह पूर्वीं बिनतक्रार चालत असे. डिझेलचा पंप तपासला, गाळणी बदलली, नोझलें काढून पाहिलीं, दोष सांपडेना. शेवटीं तालुक्याहून एक वृद्ध मिस्त्री आणिले. त्यांनीं पुढचें झांकण काढून चक्रांवरील खुणांकडे बोट दाखविलें. खुणा एकमेकींस जुळत नव्हत्या. एका दांत्याचें अंतर होतें. सर्व जागच्या जागीं बसवून यंत्र उभें राहीपर्यंत पांच दिवस गेले. तेवढ्यांत वाफसा गेला, आणि ज्वारी विरळ उगवली. मजुरी दोनदां द्यावी लागली ती निराळीच.

असें कां व्हावें, हें त्या वृद्ध मिस्त्रींनीं मजला समजावून दिलें, तें वाचकांपुढें ठेवितों. चार धांवांच्या एंजिनांत क्रँक दोन फेरे घेतो तेव्हां कॅमशाफ्ट एक फेरा घेतो, आणि त्यावरील उंचवटे झडपा उघडतात. दट्ट्या खालीं जातांना हवा आंत येते. तो तळास पोहोंचला कीं झडप लगेच मिटावी असें आपणांस वाटेल; परंतु करणारे ती कांहीं अंश उशिरां मिटवितात. कारण वेगानें येणाऱ्या हवेस स्वतःचा रेटा असतो, व दट्ट्या वर निघाला तरी ती थोडी आंत घुसतच राहते. आपणांपैकीं ज्यांनीं ऊंसाला दारें धरलीं आहेत त्यांस हें सहज कळेल. पाटास ओढ असली तर वाफ्याचें तोंड चार क्षण उशिरां बांधलें तरी वाफा भरतच असतो. पाणी मंद असतां तोच उशीर केला तर भरलेलें पाणी पाटांत परत येतें. एंजिनाचेंहि तसेंच. उशिरां मिटणारी झडप मोठ्या वेगांत सिलिंडर चांगला भरते आणि हलक्या वेगांत भरलेली हवा बाहेर लोटूं देते. लवकर मिटणारी हलक्या वेगांत हवा राखते आणि मोठ्या वेगांत उपाशी ठेविते. जोराचा पट्टा वर न्यावा किंवा खालीं आणावा, तो या मुदतीच्या फरकानें. एकदां बसविलेल्या कॅमनें दोन्ही टोकें साधत नाहींत.

आतां एका दांत्याचा हिशेब पाहूं. कॅमच्या चक्रास ६० दांते आहेत असें धरिलें तर एक दांता म्हणजे कॅमचे ६ अंश, आणि क्रँक दुप्पट फिरत असल्यानें त्याचे १२ अंश. जी झडप दट्ट्यानें तळ सोडल्यावर ४० अंशांनीं मिटावयाची ती ५२ अंशांवर मिटते. तितकी हवा हलक्या वेगांत वायां जाते. डिझेल एंजिनास ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेंच इंधन पेटतें. हवा कमी, म्हणून उष्णता कमी. म्हणून गारव्यांत सुरू न होणें आणि न जळलेल्या डिझेलचा पांढरा धूर. ओझें पडल्यावर डिझेल पूर्वींइतकेंच येतें पण हवा अपुरी, म्हणून काळा धूर आणि जोरांत घट.

कोणी म्हणेल, खालीं गेलें तें वर मिळालें असेल. येथेंच खरी फसगत आहे. ट्रॅक्टरास गव्हर्नर असतो. तो एंजिनास ठरीव फेऱ्यांच्या पलीकडे जाऊंच देत नाहीं, आणि जास्तींत जास्त डिझेल किती द्यावें हें पंपांत आधींच बांधलेलें असतें. वर थोडी अधिक हवा मिळाली तरी तिच्या वांट्यास अधिक डिझेल येत नाहीं. म्हणजे वरचा लाभ नांवापुरता आणि खालचा तोटा रोकडा. आमचा ट्रॅक्टर सडकेवर पळाला तो दांत्यामुळें नव्हे, नव्या रिंगा घातल्या होत्या म्हणून. कांहीं तरुण यापुढें जाऊन गव्हर्नराचें सील तोडतात. भरलेल्या ट्रॉल्यांमागें हा खेळ करणें म्हणजे स्वतःच्या व वाटसरूच्या जिवावर उठणें होय, हें मी स्पष्ट लिहितों.

विहिरीवरील एका सिलिंडराच्या एंजिनास तर हा प्रयोग अधिकच घातक आहे. अशा पुष्कळ एंजिनांत डिझेलचा पंपहि त्याच कॅमशाफ्टवर चालतो. दांता चुकला कीं हवा आणि इंधन दोन्हींची वेळ चुकते. पाणी उपसणाऱ्या पंपाचे फेरे शेंकडा १० नें कमी झाले तर पाणी चढविण्याचा दाब शेंकडा १९ नें घटतो. खोल विहिरीवर पाणी तोंडाशीं येऊन थांबतें तें यामुळें.

"मागें नेल्यानें तोटा, तर एक दांता पुढें नेऊं, खालचा जोर वाढेल," असेंहि एकानें मजला विचारलें. तत्त्व बरोबर आहे, माप चुकीचें आहे. जेथें एकदोन अंशांचा फरक पुरे तेथें दांता बारा अंशांची उडी मारतो. डिझेल एंजिनांत दट्ट्या माथ्यावर असतां त्याच्यांत व झडपेंत अंतर फार थोडें असतें; झडप वेळेआधीं उघडली तर दट्ट्याचा घाव तिजवर बसून ती वांकते. मोटारगाड्यांची गोष्ट निराळी. त्यांस गांवांत रेंगाळावेंहि लागतें आणि हमरस्त्यावर धांवावेंहि लागतें. म्हणून चालत्या एंजिनांत कॅमची वेळ आपोआप बदलण्याची युक्ति १९८० सालीं इटलीच्या अल्फा रोमिओ कंपनीनें विक्रीच्या गाडींत आणिली, व पुढें ती सर्वत्र पसरली. शेतास अशी धांव नको. नांगर अडला, फेरे उतरले, कीं त्या उतरत्या फेऱ्यांवर जोर वाढावा, एवढीच शेताची मागणी आहे.

म्हणून माझें मत असें कीं, आपण नुसत्या अश्वशक्तीच्या आंकड्यास भुलूं नये. अमेरिकेंतील नेब्रास्का संस्थानांत विल्मट क्रोझियर नांवाचे शेतकरी विधिमंडळाचे सभासद होते; विकत घेतलेल्या ट्रॅक्टरानें जाहिरातीप्रमाणें काम न दिल्यानें त्यांनीं खटपट केली, आणि १९१९ सालीं तेथें कायदा झाला कीं, परीक्षा झाल्यावांचून ट्रॅक्टर विकूं नये. १९२० पासून लिंकन येथील विद्यापीठांत ती परीक्षा होऊं लागली. आपल्या देशांत मध्यप्रदेशांतील बुधनी येथील केंद्र सरकारची संस्था ट्रॅक्टरांची परीक्षा करून अहवाल काढते. टॉर्क, म्हणजे पिळून फिरविण्याचा जोर, सर्वांत अधिक किती आणि तो किती फेऱ्यांवर, हें त्यांत लिहिलेलें असतें. विकत घेतांना हे दोन आंकडे अवश्य मागावे. शेतीस उपयोगी जोर तो, जो ठरीव फेऱ्यांच्या बराच खालीं भरास येतो.

राहिली दुरुस्तीची गोष्ट. जमिनीचा मालक बदलला तर गांव नमुना ६ मध्यें फेरफाराची नोंद होते. नोंदीवांचून केलेला व्यवहार पुढें कज्जा उभा करितो. एंजिनासहि अशी वही असावी. काय उघडलें, काय बदललें, चक्रांच्या खुणा जुळल्या कीं नाहीं, हें तारखेसह लिहून मिस्त्रीची सही घ्यावी. आणि पुढचें झांकण लावण्यापूर्वीं मालकानें खुणा स्वतःच्या डोळ्यांनीं पाहाव्या. यास पैसा पडत नाहीं. आपल्या संस्थेनें अशा वहीचा एक नमुना तयार करून सभासदांस द्यावा, अशी माझी नम्र सूचना आहे. प्रामाणिक मिस्त्रीस तिचा राग येण्याचें कारण नाहीं, उलट त्याच्या कामास साक्ष मिळेल.

पुतण्यानें यंदा वही घातली आहे. तिच्या पहिल्या पानावर त्यानें आपल्याच हातानें गतवर्षींची चूक नोंदली आहे. ती वाचून मजला जितकें समाधान झालें, तितकें त्या दिवशीं ट्रॅक्टर सडकेवर पळतांना पाहून झालें नव्हतें.

— एक निवृत्त महसूल कारकून