उन्हाळ्याची सुट्टी आणि उच्च गणित

उन्हाळी परीक्षा आटोपल्या, की महाविद्यालयांच्या दारांना जी कुलपे लागतात ती जूनचा मध्य उलटेपर्यंत निघत नाहीत. मोठ्या शहरातील विद्यार्थ्यास हा काळ ग्रंथालये, शिबिरे आणि खासगी वर्ग यांनी भरून काढता येतो. बीड जिल्ह्यात नारायणगडाच्या परिसरातील विद्यार्थ्याची गोष्ट वेगळी आहे. ऊसतोडणीसाठी गेलेली माणसे तोवर गावी परतलेली असतात. लगीनसराई, शेताची मशागत आणि पाण्याची ओढाताण यांतून जो वेळ उरतो, तोच काय तो त्याचा स्वतःचा. विज्ञान शाखेत गणित घेतलेल्या अशा मुलास वा मुलीस पुढील वर्षाचा अवघड विषय या दिवसांत ऑनलाइन शिकता येईल काय, हा प्रश्न वरवर साधा दिसतो. त्याच्या उत्तरावर मात्र पुष्कळांचे पदव्युत्तर शिक्षण अवलंबून आहे.

साधनांची उणीव पूर्वीइतकी राहिलेली नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. भारतीय तंत्रज्ञान संस्था व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली ‘एनपीटेल’ हा उपक्रम सुरू केला. २०१७ साली केंद्र सरकारचे ‘स्वयं’ हे व्यासपीठ आले. ज्या प्राध्यापकांचे व्याख्यान ऐकण्यासाठी एके काळी मुंबई-मद्रासची वाट धरावी लागे, त्यांची रेषीय बीजगणितावरील वा वास्तव विश्लेषणावरील व्याख्याने आज हातातल्या फोनवर विनामूल्य ऐकता येतात. ही सोय लहान नव्हे.

तथापि ऐकणे म्हणजे शिकणे नव्हे, आणि उच्च गणिताच्या बाबतीत तर मुळीच नव्हे. बारावीपर्यंतचे गणित बहुतांशी रीत लक्षात ठेवून उत्तर काढण्याचे असते. पदवीच्या वर्गात सिद्धता येते आणि गणिताचा स्वभावच पालटतो. १ ला क्ष ने भागल्यास येणारी किंमत पाहा. क्ष ०.१ पासून १ पर्यंत फिरवला, तर ती १० च्या वर जात नाही. परंतु शून्य वगळून शून्याच्या हवे तितके जवळ जाण्याची मुभा क्ष ला दिली, की तिला कसलीच मर्यादा उरत नाही. टोकाचा एक बिंदू असण्या-नसण्याने एवढा फरक का पडावा? व्याख्याता हे समजावून सांगतो आणि विद्यार्थ्याची मान डोलते. मग तो स्वतः सिद्धता लिहावयास बसतो, तेव्हा तिसऱ्याच ओळीत त्याने जे सिद्ध करावयाचे तेच गृहीत धरलेले असते. ही चूक पडदा दाखवीत नाही; वही पाहणारे माणूस दाखविते. नारायणगडास ‘धाकटी पंढरी’ मानणाऱ्या वारकऱ्यांना हा भेद नव्याने सांगावयास नको. पारायण एकट्याने करता येते; अर्थाची उकल व्हावयास मात्र सांगणारा आणि विचारणारा समोरासमोर असावे लागतात.

दुसरी अडचण वेळापत्रकाची आहे. एनपीटेलचे अभ्यासक्रम मुख्यत्वे जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत चालतात. ऐन मे महिन्यात ध्वनिचित्रफिती उपलब्ध असतात. परंतु त्यांच्या जोडीचे साप्ताहिक स्वाध्याय आणि त्यांची तपासणी त्या वेळी बहुधा नसते, परीक्षाही नसते. म्हणजे वेळ असतो तेव्हा सत्र नसते आणि सत्र असते तेव्हा वेळ नसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयं’वरून घेण्यास वाव दिला आहे. पण सुट्टीतील श्रमांना श्रेयांक मिळणार नसतील, तर त्या परवानगीचा उपयोग काय? मद्रासच्या तंत्रज्ञान संस्थेने २०२० साली सुरू केलेल्या ऑनलाइन पदवी कार्यक्रमात मे महिन्यात सुरू होणारे सत्र आहे. तेव्हा ही गोष्ट अशक्य आहे, असे म्हणता येणार नाही.

उन्हाळ्यात गणित कसे शिकवावे, याचा धडाही देशात उपलब्ध आहे. प्रा. एस. कुमारेसन यांच्या पुढाकाराने १९९३ साली सुरू झालेल्या ‘एमटीटीएस’ शिबिरांत विद्यार्थ्यांना चार आठवडे प्रश्न विचारून, फळ्याशी उभे करून स्वतः विचार करावयास लावले जाते. मात्र ही शिबिरे निवडक विद्यार्थ्यांपुरतीच असतात. उरलेल्यांनी काय करावे?

उपाय खर्चिक नाही. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी मे-जूनमध्ये एकेक खोली उघडी ठेवावी. व्याख्याने विद्यार्थ्यांनी घरी ऐकावीत आणि आठवड्यातून दोन दिवस त्या खोलीत फळ्यावर सिद्धता मांडाव्यात. प्राध्यापकांची सुट्टी हिरावून घ्यावी, असे कोणी म्हणणार नाही. पण तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकांना उन्हाळ्यात तासही नसतात आणि मानधनही नसते. हे काम त्यांना योग्य मोबदला देऊन सोपविले, तर दोघांचेही हित साधेल. विद्यापीठाने जूनअखेर परीक्षा घेऊन श्रेयांक द्यावेत, म्हणजे या अभ्यासास मान्यताही मिळेल.

चाळीसगावजवळील पाटण येथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केला आणि बाजारातील राजकराचा वाटा व घाण्यांवरील तेल त्या मठास लावून दिले गेले, असे तो सांगतो. ग्रंथ तयार होते. तरीही ते शिकण्यासाठी एक जागा आणि तिच्या खर्चाची तरतूद लागते, हे त्या काळच्या बाजारपेठेला पटले होते. आज ग्रंथांच्या जागी पडदा आला आहे. जागेची आणि तरतुदीची गरज आहे तशीच आहे. आठशे वर्षांपूर्वी एका पेठेने जे केले, ते आजच्या विद्यापीठाला आणि जिल्ह्याला जड वाटू नये.