वाघाची हद्दवाढ

पहाटे पाचला दसरा चौकात हजर राहा, असा चांदोलीच्या सहलीच्या आयोजकांचा हुकूम. पोटात चहा गेल्याशिवाय मी कुणाशी धड बोलत नाही, हे या सदराचे वाचक जाणतात. तरी गेलो. गाडी हलली साडेसहाला, कारण तिघांचं ‘पोचलोच, गंगावेशीत आहे’ चालू होतं. गंगावेशीतून दसरा चौक दीड तासावर आहे, हे मला नव्यानंच कळलं.

चांदोलीची माहिती थोडक्यात. वारणेवरच्या वसंतसागर जलाशयाभोवतीचं हे सुमारे 318 चौरस किलोमीटरचं जंगल 2004 साली राष्ट्रीय उद्यान झालं, 2010 मध्ये कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं आणि 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत जाऊन बसलं.

‘व्याघ्र’ एवढाच शब्द वाचून आलेल्या एका काकांनी गेटवरच विचारलं, "वाघ कितीला असतो?" गाइड पोरगा सोशिक होता. त्यानं एका जांभळीपाशी थांबवलं. सालीवर छातीच्या उंचीला चार ओरखडे, खालच्या टोकाला डिंक सुकलेला. "अस्वलाच्या नख्या हायत. वाघबी असाच झाड ओरबाडून आपली हद्द आखतो. जमलं तर शेजारच्याची बी घेतो."

"बघा!" शिवाजी पेठेतले एक गृहस्थ उसळले. "वाघाची हद्दवाढ हुतीया, कोल्हापूरची न्हाई!"

झालं. महापालिका 1972 ची. हद्दवाढीचं घोंगडं तेव्हापासून भिजतंय. मागच्या सीटवर हद्दवाढ नको असलेल्या पाचगावचे एक पाटील होते, हे पेठकरांच्या ध्यानात नव्हतं. "आधी शहरातलं खड्डं मुजवा, मग आमच्याकडं या. घरफाळा तेवढा वाढवशीला, पाणी कोण देणार?" "केएमटीच्या बसमध्ये बसताना बरं शहर चालतंय!" दोन्ही बाजूंना कुमक मिळाली. गाइड खुणा करून शेकरूचं घरटं दाखवत होता. एक शेकरू अशी अनेक घरटी बांधतं म्हणाला, तर कुणीतरी "सगळ्यांचा फाळा भरतंय का?" म्हणून विचारलं. पुढं वळणावर गवे होते म्हणे. ड्रायव्हरनं पाहिले. आमचा आवाज त्यांनी आधी ऐकला असावा.

मला विचाराल तर पाचगावकरांचं म्हणणं रास्त वाटलं. पण मी शहरात राहतो, गप्प बसलो.

कोकरूडला चहाला उतरलो तेव्हा दोघेही गल्ल्यापाशी एकमेकांचा हात धरून पैसे काढू देईनात. शेवटी पेठकरांनीच नोट सरकवली.

"ऱ्हाऊ द्या पाटील, तुम्हाला अजून घरफाळा बसायचाय."