एका खटक्याचा भात

राइस कुकर घ्यावा की नाही या प्रश्नावर आपल्या मराठी घरांत दोन पक्ष आहेत, आणि माझ्या मते दोन्ही पक्ष चुकतात. पहिला पक्ष म्हणतो, "घरात कुकर असताना आणखी एक कुकर? चोचले नुसते!" दुसरा म्हणतो, "घ्यायचाच तर चांगला घ्या, उगाच स्वस्तातला नको." पहिल्या पक्षात बहुतेक माझ्या वयाची मंडळी, दुसऱ्यात आमची मुले, सुना, भाचे, पुतणे. या दोघांच्या मध्ये सापडतो तो सत्तरी ओलांडलेला, एकटा किंवा जोडीने राहणारा माणूस. त्याला रोज वाटीभर भात हवा असतो. त्याचे मत मात्र कोणी विचारत नाही. म्हणून त्याच्या वतीने हा लेख. (मीही त्याच वर्गात बसते, तेव्हा थोडा पक्षपात होणारच. आधीच सांगून टाकलेले बरे.)

तर मंडळी, माझे म्हणणे एवढेच: एका-दोघांच्या घरात साधा, एका खटक्याचा, दीड-दोन हजार रुपयांचा राइस कुकर जरूर घ्यावा, आणि त्याहून महागडा मुळीच घेऊ नये.

आधी पहिल्या पक्षाचा समाचार घेऊ.

प्रेशर कुकर ही आपल्या स्वयंपाकघरातली थोर वस्तू आहे, त्याबद्दल माझा काही वाद नाही. एकाच गॅसवर खाली वरण, वर भात, त्याच्यावर बटाटे. पाच-सहा माणसांच्या घराला त्याच्यासारखा सोबती नाही. शाळेच्या घाईत मी पस्तीस वर्षे त्याच्याच जिवावर काढली. पण हे सगळे गणित पाच-सहा माणसांचे आहे हो! एका माणसाच्या अर्ध्या वाटी तांदळासाठी पाच लिटरचा कुकर काढायचा, तळाशी पाणी घालायचे, डबा ठेवायचा, रिंग बसवायची, शिट्टी लावायची, वाफ जिरेपर्यंत वाट बघायची, आणि मग हा सगळा संसार घासायचा. भात अर्धी वाटी आणि भांडी अर्धा ओटा.

तेही चालवून घेतले असते. खरी अडचण शिट्ट्यांची आहे. प्रेशर कुकरला "आता पुरे" हे आपल्याला सांगावे लागते. तेवढ्यात फोन येतो, दारावर कोणी येते, नाही तर आपण बसल्या जागी डुलकी काढतो. ही तिसरी शिट्टी की चौथी? वय झाले की कान दगा देतात, मग शिट्टी झाली हेच कळत नाही. तळाचे पाणी आटते, रिंग जळते, कधी वॉल्व्ह उडतो. एकदा असे झाले की बंगलोरहून, बोस्टनहून फोन सुरू. "आई, गॅस बंद केलास ना?" दुसऱ्यांदा झाले की हुकूम निघतो, "आता स्वयंपाक पुरे, डबा लावून टाकू."

डबा लावणे वाईट नाही. गरज पडेल तेव्हा जरूर लावावा. पण एका विसरलेल्या गॅसपायी माणसाचे स्वयंपाकघर काढून घेतले की भाताबरोबर आणखी पुष्कळ काही जाते. आज काय करावे हा विचार जातो, तांदूळ निवडणे जाते, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडची फेरी जाते, कोणी अचानक आले तर "बसा, दोन घास खाऊन जा" म्हणण्याची सोय जाते. ज्याला तुम्ही चोचले म्हणता, ती वस्तू एखाद्या म्हाताऱ्या माणसाचे स्वयंपाकघर आणखी पाच वर्षे त्याच्या ताब्यात ठेवू शकते. दीड-दोन हजारांत हे महाग आहे का, सांगा!

आता हे यंत्र थांबते कसे, ते पाहा. मी भाषा शिकवणारी बाई, पण हे समजायला विज्ञानाची पदवी लागत नाही. भांड्यात पाणी आहे तोवर त्याच्या तळाचे तापमान १०० अंशांच्या फार पुढे जात नाही, कारण मिळालेली उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. तांदळाने पाणी पिऊन टाकले की तळ झपाट्याने तापू लागतो. भांड्याखाली मधोमध एक गोल बटण असते. त्यात एक चुंबक असतो आणि एक विशिष्ट मिश्रधातू. हा मिश्रधातू शंभराच्या थोडा वर तापला की चुंबकाला चिकटेनासा होतो. मग स्प्रिंग आपले काम करते आणि खटका 'टक्' करून सुटतो. झाला भात! आतला सगळा शहाणपणा एवढाच. त्याला घड्याळ लागत नाही की शिट्ट्यांचा हिशेब लागत नाही. तांदूळ एक मूठ असोत की चार मुठी, पाणी संपले हे त्याला आपोआप कळते. आपण विसरलो तरी तो विसरत नाही. फार तर थोडी वीज वाया जाते आणि भात थोडा कोरडा होतो.

या यंत्राची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. जपानात तोशिबा कंपनीने १९५५ साली पहिला यशस्वी स्वयंचलित विजेचा राइस कुकर बाजारात आणला. तो तयार करण्याचे काम मिनामी योशितादा नावाच्या एका छोट्या उद्योजकाकडे होते, आणि घरात रोज भात शिजवून, पाणी आणि वेळ मोजून प्रत्यक्ष प्रयोग केले त्यांच्या पत्नीने, फुमिको यांनी. त्या पहिल्या कुकरला दोन भांडी होती. बाहेरच्या भांड्यात पेलाभर पाणी घालायचे. ते आटून गेले की तापमान वाढून खटका पडे. तोवर तिथल्या बायका पहाटे उठून चुलीतल्या जाळापाशी बसत. म्हणजे 'आळशी बायकांची सोय' म्हणून ज्याला नाक मुरडले जाते, ते यंत्र एका बाईच्या अफाट कष्टांतून उभे राहिले आहे. नाक मुरडणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

आता दुसरा पक्ष. म्हणजे तुम्ही, परदेशातली आणि पुण्या-मुंबईतली आमची गुणी मुले!

तुमचे प्रेम मान्य. पण प्रेमापोटी तुम्ही आणता तो दहा-पंधरा हजारांचा, बारा बटणांचा कुकर. त्यावर केक आहे, सूप आहे, दलिया आहे, 'उद्या सकाळी सात वाजता' आहे, आणि साधा भात कुठल्या बटणात दडला आहे ते चष्मा लावूनही सापडत नाही. चार दिवस तुम्ही असता तोवर तो ओट्यावर मिरवतो. तुमचे विमान उडाले की तो खोक्यात जातो आणि खोके माळ्यावर. असे माळे मी पुष्कळ पाहिले आहेत. महागडा कुकर जपानी पद्धतीच्या चिकट भाताला जे बारकावे देतो ते खरे असतील, पण आपल्याला त्या भातावर वरण आणि तूप घालायचे आहे, हे विसरू नका.

शिवाय वीज जाण्याची गोष्ट आहेच. साध्या कुकरचा खटका चुंबकाने धरलेला असतो. मध्येच वीज गेली तरी तो खालीच राहतो, आणि वीज आली की भात पुढे शिजू लागतो. बटणांच्या कुकरपैकी काही असे असतात की वीज गेली की सगळे विसरून कोऱ्या पाटीसारखे उभे राहतात. आमच्यासारखेच विसरभोळे यंत्र आम्हाला देऊन काय उपयोग?

आणि अमेरिकेतून सामानात घालून तर मुळीच आणू नका. तिथला कुकर १२० व्होल्टचा, इथली वीज २३० ची. तो इथे थेट लावला तर साडेतीन पटींहून जास्त शक्ती ओढायला बघतो, आणि जळतो. जपानचा १०० व्होल्टचा असेल तर पाच पटींहून जास्त. मग त्याच्यासाठी लोखंडी ठोकळ्यासारखा ट्रान्स्फॉर्मर आणायचा, आणि तो उचलायला गडी शोधायचा! दुबई, सिंगापूर, इंग्लंडचा कुकर आपल्या विजेवर चालतो, पिनेचा आकार तेवढा वेगळा. पण कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी वस्तू विमानाने कशाला आणायची? बिघडली तर दुरुस्त कोण करणार?

असो. टीका पुष्कळ झाली. घ्यायचा तर काय बघून घ्यावा, ते शाळेतल्या सवयीप्रमाणे क्रमाने सांगते.

१. आकार. एका-दोघांना लहानात लहान कुकर पुरतो. खोक्यावरचे लिटर पाहून फसू नका. कोणी पूर्ण भांड्याचे माप छापतो, कोणी कच्च्या तांदळाचे. दुकानदाराला एकच प्रश्न विचारा, "यात कच्चे तांदूळ जास्तीत जास्त किती?" अर्धा किलोच्या आसपास उत्तर आले तर पाहुण्यांसकट भागते. मोठ्या भांड्यात मूठभर तांदूळ घातले की तळाला पातळ थर होतो आणि तो करपतो. अमेरिकेतल्या वाचकांसाठी वेगळी सूचना: तिथे काही कंपन्या 'कप' शिजलेल्या भाताचे मोजतात, काही कच्च्या तांदळाचे. शिवाय सोबतचे प्लॅस्टिकचे माप बहुधा जपानी, १८० मिलिलिटरचे असते. तिथल्या स्वयंपाकाचा कप २४० चा. पाणी चुकते ते इथे.

२. भांडे. आत नॉनस्टिक असेल तर स्टीलचा डाव त्याला लावायचा नाही, लाकडी किंवा प्लॅस्टिकची भातवाढी वापरायची. हे जमणार नसेल तर स्टीलच्या भांड्याचा कुकर मिळतो का पाहावे. भात थोडा चिकटेल, पण पाणी घालून ठेवले की सुटतो.

३. झाकण. काचेचे, सुटे निघणारे घ्यावे. आत काय चालले आहे ते दिसते आणि धुवायला सोपे पडते.

४. वायर. तीन पिनांचा, अर्थिंगचा प्लग हवा. लहान कुकर ३०० ते ४०० वॅटचा असतो, त्याला घरातला साधा सॉकेट पुरतो. वायर ओट्यावरून लोंबकळू देऊ नये.

५. खर्च. ४०० वॅटचा कुकर अर्धा तास चालला तर ०.२ युनिट वीज. युनिटला आठ-दहा रुपये धरले तरी भाताला दोन रुपयांच्या आतच. मात्र 'गरम ठेवा' हा दिवा रात्रभर जळत ठेवला तर शिजवण्यापेक्षा जास्त वीज तोच खाईल. जेवण झाले की भिंतीवरचे बटण बंद, आणि उरलेला भात लवकर गार करून फ्रिजमध्ये. पावसाळ्यात भात तासन् तास कोमट ठेवणे पोटाला चांगले नाही. सकाळी त्याचा फोडणीचा भात होतोच.

वापरण्याबद्दल दोनच नियम. भांडे आत ठेवण्याआधी त्याचा तळ बाहेरून कोरडा पुसायचा, आणि खालच्या बटणावर तांदळाचा दाणा राहिलेला नाही ना, ते पाहायचे. एक दाणा अडकला तरी भांडे नीट टेकत नाही आणि खटका वेळेवर पडत नाही. पाण्याच्या आतल्या रेघांवर विश्वास ठेवू नका. इंद्रायणीचे पाणी वेगळे, कोलमचे वेगळे, नव्या तांदळाला कमी, जुन्याला जास्त. दोन-तीनदा करून आपल्या तांदळाचे माप बसवा आणि ते कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा.

त्याच्याकडून काय होत नाही, हेही सांगायला हवे. तूरडाळ त्यात नीट शिजत नाही, तिला प्रेशर कुकरच हवा. मुलगा, सून, कामाची बाई, कोणी घरात असताना दोन दिवसांची डाळ शिजवून फ्रिजमध्ये ठेवावी. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी मात्र छान होते. कोकणातल्या मंडळींचा उकडा तांदूळ लहान कुकरात उतू जातो, त्याची पेज पातेल्यातच बरी. बिर्याणीची स्वप्ने पाहू नयेत.

तेव्हा पहिल्या पक्षातल्या माझ्या समवयस्कांनो, गॅसपाशी उभे राहून शिट्ट्या मोजण्यात कसलेही पुण्य नाही. चार-पाच दशके मोजल्या, तेवढ्या पुरे. आणि दुसऱ्या पक्षातल्या मुलांनो, भेट द्यायचीच असेल तर आईवडिलांना दुकानात घेऊन जा, खटका त्यांच्या बोटाने दाबून बघू द्या, आणि त्यांना जो जमेल तोच घ्या. उरलेल्या दहा हजारांत भारतात येण्याचे तिकीट निघणार नाही, हे मला कळते. पण घरी चांगले तांदूळ वर्षभर पुरतील एवढे तर नक्की येतील. आणि पुढच्या खेपेला याल तेव्हा तुमच्यासाठी भात आम्हीच लावू.