विश्लेषण : अपघातग्रस्त गाडीला जुना दरवाजा बसवणे कितपत शहाणपणाचे?

पार्किंगमधल्या खांबाला घासलेला दरवाजा किंवा दुचाकीच्या धडकेने चेपलेले मडगार्ड घेऊन सात-आठ वर्षांची गाडी गॅरेजमध्ये गेली, की हमखास प्रश्न येतो : ‘नवा टाकू, की जुना बघू?’ जुना म्हणजे मोडीत निघालेल्या दुसऱ्या गाडीचा. मुंबईतला कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा दिल्लीतले मायापुरी या बाजारांचा मोठा व्यवहार याच प्रश्नाच्या उत्तरावर चालतो. पैसे वाचतात हे उघड आहे. पण हा निर्णय सुरक्षेशी, विम्याशी आणि थेट फौजदारी कायद्याशीही जोडलेला आहे.

कोणता भाग जुना चालतो?

गाडीच्या बाह्यांगाचे दोन प्रकार पडतात. बॉनेट, पुढची मडगार्ड, दरवाजे, डिकीचे झाकण आणि बंपर हे भाग नट-बोल्ट, बिजागऱ्या किंवा क्लिपांवर बसवलेले असतात. ते सोडवून दुसरे लावले तरी गाडीच्या मूळ सांगाड्याला धक्का लागत नाही. या भागांसाठी जुना माल हा रास्त पर्याय आहे.

मागच्या चाकावरचा पत्रा, छत, दरवाजांमधले खांब आणि दरवाजाखालची पट्टी यांची गोष्ट वेगळी. हे भाग कारखान्यात सांगाड्याला वेल्डिंगने जोडलेले असतात. जुन्या गाडीतून ते गॅसने किंवा कटरने कापून काढावे लागतात आणि आपल्या गाडीत पुन्हा जोडावे लागतात. आजच्या गाड्यांच्या खांबांत उच्च ताकदीचे पोलाद वापरलेले असते आणि जास्त उष्णता मिळाली की त्याची ताकद घटते. वरून रंग चढल्यावर हा कमकुवत सांधा दिसत नाही. तो कळतो पुढच्या अपघातात. त्यामुळे असा भाग कितीही स्वस्त मिळाला तरी तो नाकारलेलाच बरा. एअरबॅग आणि सीटबेल्ट तर जुने घेण्याचा विचारही करू नये.

दरवाजा घेताना काय पाहायचे?

‘याच मॉडेलचा आहे’ एवढी ग्वाही पुरेशी नसते. भारतात पुढून आणि बाजूने होणाऱ्या धडकेच्या चाचण्यांचे निकष १ ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलना आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांना लागू झाले. धडक झेलण्यासाठी दरवाजाच्या आत पोलादी दांडा असतो. त्यामुळे नाव आणि आकार तोच असला, तरी निकषांआधीच्या आणि नंतरच्या दरवाजाची आतली रचना सारखीच असेल असे गृहीत धरता येत नाही. दाता गाडीचे उत्पादन वर्ष आणि व्हेरिएंट विचारलाच पाहिजे. व्हेरिएंट वेगळा असेल तर काचेची मोटर, सेंट्रल लॉक आणि आरशाच्या वायरिंगचे सॉकेटही जुळत नाहीत आणि मग गॅरेजमध्ये वायरी कापून जोडण्याचा उद्योग सुरू होतो.

त्यानंतर पत्र्याची तपासणी. साधे लोहचुंबक कापडात गुंडाळून सगळीकडे फिरवावे. पोलादी पत्र्यावर जिथे ते नीट धरत नाही तिथे खाली पुट्टीचा थर आहे, म्हणजे हा दरवाजा आधीच एकदा ठोकून सरळ केलेला आहे. दरवाजाची खालची कड उलटून पाहावी. पाणी निचरा होण्याची भोके तिथेच असतात, ती तुंबली की गंज आतून सुरू होतो. मुंबई-कोकणातल्या खाऱ्या हवेत वाढलेल्या गाडीच्या बाबतीत ही कड सर्वात आधी बघावी. रंगावर फुगलेला एक बारीक फोड दिसला, तरी आत बरेच काही झालेले असते.

जुन्या दरवाजाचा एक फायदा मात्र सहसा सांगितला जात नाही. नवा दरवाजा म्हणजे बहुधा प्रायमर मारलेला नुसता सांगाडा असतो. काच, कुलूप, मोटर आणि आतले पॅड जुन्यातून काढून बसवावे लागतात आणि अपघातात तेही तुटले असतील तर खर्च वाढतो. बाजारात मिळणारा जुना दरवाजा अनेकदा या सगळ्यासह येतो.

विमा असताना जुन्याकडे का वळायचे?

कारण विमा नव्या भागाची पूर्ण किंमत देत नाही. ‘झिरो डेप’ नसलेल्या नेहमीच्या पॉलिसीत पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के घसारा कापला जातो आणि दहा वर्षांपुढे ५० टक्के. बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागांवर गाडीचे वय काहीही असो, ५० टक्के. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक दाव्यात किमान १,००० रुपये मालकाचे.

समजा, सात वर्षांच्या गाडीच्या नव्या दरवाजाची किंमत १५,००० रुपये आणि मजुरी व रंगकाम ९,००० रुपये. एकूण २४,०००. यातले ६,००० घसाऱ्यात गेले, १,००० अनिवार्य कपात आणि रंगाच्या साहित्यावरची थोडी कपात धरली, तर मालकाच्या खिशातून पावणेआठ हजार जातात. इथपर्यंत दावा करणे फायद्याचे वाटते. पण त्या मालकाला ५० टक्के नो क्लेम बोनस मिळत असेल, तर एका दाव्याने तो शून्यावर येतो आणि पुढे २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या पुन्हा चढाव्या लागतात. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता वर्षाला ८,००० रुपये धरला, तर पाच वर्षांत गमावलेली सवलत १०,००० रुपयांच्या घरात जाते. म्हणजे ‘विम्यातून झालेले’ काम पावणेअठरा हजारांना पडले. पाच हजारांचा चांगला जुना दरवाजा घेऊन तेच काम १४,००० रुपयांत झाले असते. बोनस सुरक्षित ठेवणारे पूरक कवच घेतलेल्यांचा हिशेब वेगळा; पण जुन्या गाडीला ते घेणारे थोडेच.

नवे भाग महाग का, याला आणखी एक पार्श्वभूमी आहे. सुटे भाग केवळ अधिकृत साखळीतूनच मिळतील अशी व्यवस्था केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार उत्पादकांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेले. पण खुल्या बाजारात सुटा भाग मिळावा ही ग्राहकाची मागणी रास्त आहे, यावर त्या आदेशाने शिक्कामोर्तब केले.

बिलाचा आग्रह कशासाठी?

चोरीची गाडी सुटी करून विकली की ओळख पुसली जाते. मेरठचा सोतीगंज बाजार याच धंद्यासाठी कुप्रसिद्ध होता. २०२१ च्या अखेरीस पोलिसांनी तो बंद केला. दरवाजावर सहसा चॅसिस क्रमांक नसतो, त्यामुळे ग्राहकाला फरक ओळखता येत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार चोरीची वस्तू माहीत असून किंवा तसे मानण्यास कारण असूनही घेणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. ‘बिल मागू नका, भाव कमी करतो’ असे विक्रेता म्हणाला, तर तेच कारण उद्या ग्राहकापुढे उभे राहू शकते. दाता गाडीचा नोंदणी क्रमांक लिहिलेले बिल घ्यावे आणि दरवाजाच्या काचेवर क्रमांक कोरलेला असेल तर तो त्याच्याशी ताडून पाहावा.

हा सगळा भार एकट्या ग्राहकावर का, हा खरा प्रश्न आहे. वाहन मोडीत काढण्याच्या केंद्रांसाठी २०२१ मध्ये नियम झाले. गाडी स्वीकारताना ती चोरीची नाही हे नोंदींवरून तपासण्याची जबाबदारी या केंद्रांवर आहे. आयुर्मान संपलेल्या वाहनांचे पर्यावरण नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले. म्हणजे ज्या गाडीचा इतिहास तपासलेला आहे, ती या केंद्रांत येतेच. मात्र चर्चा होते ती पोलादाच्या टनांची आणि नव्या गाडीवरच्या करसवलतीची. या गाड्यांचे धडके दरवाजे आणि बॉनेट चिकटपट्टी लावून, बिलासह, ठरल्या दराने विकले गेले तर गॅरेजवाल्यालाही लपवाछपवी करावी लागणार नाही. ब्रिटनमध्ये काही विमा कंपन्या असे भाग दाव्यांत वापरतात. आपल्या कंपन्यांनी जुन्या गाड्यांच्या दाव्यात मालकाच्या संमतीने हा पर्याय दिला, तर घसारा कापण्याचे कारणही उरणार नाही.

आणि रंगाचे काय?

योगायोगाने त्याच रंगाचा दरवाजा मिळाला तरी छटा जुळेलच असे नाही, कारण दोन्ही गाड्यांनी वेगवेगळे ऊन खाल्लेले असते. पांढऱ्या रंगात हा फरक खपून जातो, चंदेरी आणि मोतिया रंगांत लगेच डोळ्यांत भरतो. गाडीवरच्या पट्टीवरचा रंगाचा कोड गॅरेजला द्यावा, शेजारच्या पत्र्यापर्यंत रंग विरळ करत नेण्यास सांगावे आणि गाडी ताब्यात घ्यायला दिवसाउजेडी जावे. ट्यूबलाइटखाली सगळेच रंग जुळलेले दिसतात.